अनुदान यंत्राला, ऊन भिंतीला





इमारतींमधल्या ऊर्जाबचतीला सरकारने मदत करावी की नाही, हा वाद आता जुना झाला. 2001 साली ऊर्जा संवर्धन कायदा झाला, 2007 मध्ये व्यापारी इमारतींची संहिता आली, 2018 मध्ये घरांसाठी इको निवास संहिता आली. मदत सुरूच आहे. ती घराच्या कोणत्या भागापर्यंत पोचते आणि कुठे थांबते, एवढ्याच मुद्द्यावर मी आज बोलणार आहे.

सुरुवात यशाने करतो. 2014 साली सरकारी खरेदीत एलईडी बल्ब 310 रुपयांना पडत होता. 2016 मध्ये तोच भाव 38 रुपयांवर आला. 'उजाला' योजनेत बल्बच्या किमतीवर सरकारने अनुदान दिलं नव्हतं. देशभरातली मागणी एकत्र करून एकगठ्ठा निविदा काढल्या, उत्पादकांना खपाची खात्री दिली, आणि भाव उतरला. पुढे छत्तीस कोटींहून अधिक बल्ब घरोघरी गेले. ज्याच्या घरी बल्ब लागला, त्याच्याच बिलात बचत दिसली. योजना यशस्वी होण्याचं हे कारण मला सर्वांत मोलाचं वाटतं.

इमारतीच्या अंगाबाबत मात्र असं होत नाही. बांधणारा एक, बिल भरणारा दुसरा. भिंत कशाची, छज्जा किती, गच्चीवर काय घालायचं, हे बिल्डर ठरवतो. सदनिकेचा ताबा दिला की त्याचा संबंध संपतो आणि पुढची पन्नास वर्षं पंख्याचं नि एसीचं बिल राहणाऱ्याच्या वाट्याला येतं. भाडेकरूची अवस्था तर आणखी बिकट: बिल त्याचं, भिंत मालकाची. ही गाठ बाजार आपणहून सोडवणार नाही. सरकारची गरज आहे ती इथे.

सरकारी मदत आज कुठे आहे? आपल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत हरित मानांकन मिळवणाऱ्या इमारतीला मूळ चटईक्षेत्रावर 3, 5 किंवा 7 टक्के वाढीव चटईक्षेत्र मिळतं. तरतूद चांगली आहे आणि तिच्यामुळे अनेक विकासक या विषयाकडे वळले. पण तो लाभ विकासकाच्या हाती पडतो, आणि सदनिकेत राहणाऱ्याचं बिल पुढे किती येतं याच्याशी त्याचा हिशेब जोडलेला नाही. दुसरीकडे, पंतप्रधान सूर्यघर योजनेत घराच्या छतावर 3 किलोवॅटची सौर यंत्रणा बसवली तर 78 हजार रुपयांपर्यंत मदत मिळते. पॅनेलची सावली स्लॅबवर पडते, हाही फायदाच. मात्र त्याच घरमालकाला स्लॅबच तापू नये म्हणून काही करायचं असेल, तर त्या योजनेत त्याच्यासाठी काही नाही. वीज तयार करायला पैसे आहेत, तिची गरजच कमी करायला नाहीत.

सोलापूर, जळगाव, चंद्रपूर इथून आलेल्या वास्तुविशारद व अभियंता सहकाऱ्यांना वरच्या मजल्याबद्दल मी काय सांगावं? मे महिन्यात स्लॅब दिवसभर ऊन पिते आणि रात्री अकरा वाजता ते खोलीत सोडते. इको निवास संहिता सांगते की छतातून उष्णता आत येण्याचं प्रमाण, म्हणजे यू-मूल्य, 1.2 च्या आत हवं. सहा इंची उघड्या स्लॅबचं यू-मूल्य तीनच्या वर जातं. आपण वॉटरप्रूफिंगसाठी ब्रिकबॅट कोबा घालतोच. त्याखाली उष्णतारोधक थर आणि वर पांढरं चायना मोझाइक घातलं, तर नवं तंत्रज्ञान न आणता फार मोठा पल्ला गाठता येतो. हे काम आपल्या गवंड्यांना येतं. वाढीव खर्च स्लॅबपुरताच असतो, पण तो करायला आज बिल्डरला कारण नाही.

मुंबई आणि कोकणातली अडचण वेगळी आहे. तिथे घामाला वारा हवा. दमट हवामानात उघडता येणारी खिडकी जमिनीच्या क्षेत्रफळाच्या एक षष्ठांश असावी, असं संहिता म्हणते. आपण मात्र सर्रास दोन ट्रॅकच्या सरकत्या खिडक्या बसवतो, त्या अर्ध्याच उघडतात. नकाशात खिडकी मोठी आणि प्रत्यक्षात वारा अर्धा. नकाशा तपासणाऱ्या अधिकाऱ्याला हा फरक दिसला पाहिजे, आणि त्याआधी तो आपल्याला खटकला पाहिजे.

आता मागण्या. ऊर्जा संवर्धन कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीने किमान 100 किलोवॅट जोडभाराच्या निवासी इमारतीही त्या कायद्याच्या कक्षेत आल्या. तालुक्याच्या गावांतल्या तीन मजली अपार्टमेंट बहुधा या मर्यादेखाली राहतात, आणि आपली शहरं वाढताहेत ती अशाच इमारतींनी. ही मर्यादा खाली आणण्याचा अधिकार कायद्याने राज्याला दिला आहे. महाराष्ट्राने तो वापरावा.

पुणे महापालिका सौर यंत्रणा, पर्जन्यजल संधारण आणि गांडूळखत यांसाठी मिळकतकरात 5 ते 10 टक्के सूट देते. या यादीत थंड छताची भर घालायला नवा कायदा लागत नाही. अशी सूट राहणाऱ्याच्या हाती पडते, म्हणून मी तिला चटईक्षेत्रापेक्षा वरचं स्थान देतो. आणि उष्णतारोधक थर, परावर्तक लेप, चांगल्या काचा यांची राज्यभराची मागणी एकत्र करून बल्बसारखीच एकगठ्ठा खरेदी का होऊ नये? म्हाडा, सिडको आणि पंतप्रधान आवास योजना मिळून सरकार स्वतःच मोठा बिल्डर आहे. पहिली मागणी त्यांनीच नोंदवावी. स्वस्त घरात राहणारं कुटुंब एसी घेऊ शकत नाही. त्याच्यासाठी चांगलं छत म्हणजे झोप आणि आरोग्य आहे.

मुंबईत, पुण्यात, ठाण्यात पुनर्विकासाच्या फायली आज आपल्या टेबलांवर आहेत. आत्ता पाडून बांधलेली इमारत 2075 सालीही उभी असेल. भिंतीचा निर्णय पुन्हा घ्यायची संधी सोसायटीच्या सभासदांना त्यांच्या हयातीत मिळणार नाही. म्हणून सरकारची वाट न बघता आपण एक करू या: प्रत्येक पुनर्विकास प्रस्तावासोबत छत आणि भिंतींचा उष्णतेचा हिशेब एका पानावर, मराठीत, सभासदांच्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवू या. बिल तेच भरणार आहेत. हा ठराव मी अध्यक्ष या नात्याने उद्याच्या खुल्या सत्रात मांडतो आहे. त्यावर चर्चा व्हावी, दुरुस्त्या सुचवाव्यात, आणि संमत झाला तर तो नगरविकास विभागाकडे व महाऊर्जा या राज्याच्या ऊर्जा संस्थेकडे आपल्या सह्यांनिशी पाठवावा, अशी माझी विनंती आहे.