संवाद दुसऱ्याचे, पटकथा तेंडुलकरांची



विजय तेंडुलकर म्हटलं की आपण 'शांतता! कोर्ट चालू आहे'वर येतो, नाहीतर 'घाशीराम'वर. आज नाटकं बाजूला ठेवू. आज बोलायचंय ते पटकथाकार तेंडुलकरांबद्दल.

त्यांच्या हिंदी चित्रपटांची श्रेयनामावली नीट वाचा. 'निशांत', १९७५ : संवाद सत्यदेव दुबे. 'मंथन', १९७६ : संवाद कैफी आझमी. 'आक्रोश', १९८० : पुन्हा दुबे. 'अर्धसत्य', १९८३ : वसंत देव. पटकथा चारही ठिकाणी तेंडुलकरांची. ज्याच्या संवादांनी मराठी रंगभूमी हादरली, त्याच्या हातात इथे संवादच नाहीत! तो हिंदीचा लेखक नव्हता, एवढं कारण पुरेसं आहे. पण त्यामुळे एक झालं. बोलणं वजा केल्यावर या लेखकाकडे काय शिल्लक राहतं, ते आपल्याला बघायला मिळालं.

'आक्रोश' घ्या. भिकू लहान्यावर बायकोच्या खुनाचा आरोप आहे. त्याचा वकील तुरुंगात येतो, विचारतो, विनवतो, चिडतो. भिकू गप्प. कोर्टातही गप्प. आरोपीच बोलत नाही म्हटल्यावर खटल्याची गोष्ट पुढे कशी न्यायची? तेंडुलकर ती वकिलाच्या पायांनी नेतात. तो हिंडतो, मार खातो, त्याला तुकडे सापडतात, आणि जेवढं त्याला कळतं त्याहून फार जास्त आपल्यालाही कळू दिलं जात नाही. शेवटी भिकूला वडिलांच्या अंत्यसंस्काराला आणतात. तिथे मुकादमाची नजर भिकूच्या तरुण बहिणीवर जाते. भिकू ते बघतो, कुऱ्हाड उचलतो आणि घाव घालतो तो बहिणीवर. बायकोवर जो अत्याचार झाला तो हिच्यावर होऊ नये म्हणून. मग त्याचा आवाज फुटतो, तोही शब्दांत नाही. इथे एक वाक्य घातलं असतं, तरी सगळं कोसळलं असतं.

याउलट जब्बार पटेलांचा 'सामना' बघा. तिथे मराठी आहे, संवाद स्वतःचे आहेत, आणि एक मास्तर बेपत्ता मारुती कांबळेबद्दलचा एकच प्रश्न विचारून विचारून गावच्या बड्या हिंदुरावाला जेरीस आणतो. एकाच लेखकाची ही दोन टोकं.

'मंथन'ची गंमत वेगळी. गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये घालून काढलेला हा चित्रपट. पैसा सहकाराचा, म्हणजे सहकाराची आरती ओवाळायला हरकत नव्हती. पण गोष्टीतल्या दूध सोसायटीची निवडणूक येते आणि गावातली जात उघडी पडते, सोसायटी उभारायला आलेले डॉ. राव गाव सोडून जातात, काम गावातल्या भोलाला पुढे न्यावं लागतं. या पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'सिंहासन'मध्ये तर अरुण साधूंच्या दोन राजकीय कादंबऱ्या एका पटकथेत बसवल्या. वर्तमानपत्रात उमेदवारी केलेल्या माणसालाच हे जमावं.

दूरदर्शनसाठी त्यांनी 'स्वयंसिद्धा' लिहिली, नायिका त्यांची मुलगी प्रिया. मालिकेला दर आठवड्याला बोलणं लागतं, त्यामुळे ते माध्यम त्यांच्या नाटकाला जास्त जवळचं होतं.

आणि १९९३चा, वल्लभभाई पटेलांवरचा 'सरदार'. मन लावून केलेलं काम, यात शंका नाही. पण माझं मत विचाराल, तर तिथे इतिहासानेच सगळं बोलून ठेवलं होतं. तेंडुलकरांना गप्प ठेवायला पात्रच उरलं नव्हतं.