धोंड मास्तरांचा समुद्र

गुरुजनहो आणि माझ्या बॅचच्या म्हाताऱ्या पोरांनो,

चित्रकार म्हणून मला बोलावलंत, पण मी बोलणार आहे प्र. अ. धोंड यांच्याबद्दल. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचं प्रमुखपद सांभाळलेला हा माणूस आयुष्यभर समुद्र रंगवत राहिला, तोही जलरंगात. जलरंग कुणासाठी थांबत नाही. कागद ओला आहे तोवर आभाळ उतरवायचं. लाटेचा फेस तर रंगवायचाच नाही, तेवढा कागद कोरा सोडायचा.

आठवणींच्या पुस्तकाला त्यांनी नाव दिलं 'रापण'. मालवणात त्याचा अर्थ सांगायला नको. होडीतून अर्धगोल जाळं टाकायचं, दोन्ही टोकं किनाऱ्यावरून ओढायची, वर घारी आणि सीगल. शाळा सुटल्यावर आपणही दोर धरायचो, वाट्याला चार तारले यायचे!

आता पर्ससीन आणि एलईडीवाल्यांनी मासा बाहेरच उचलला, तर किनाऱ्यावर ओढायचं काय? म्हणून दांडीवर उरलेल्या रापणी मी रंगवतोय. चाळीसेक चित्रं झाली, ती शाळेच्या चित्रकलेच्या वर्गाला देतोय. प्रत्येकाच्या मागे दोर ओढणाऱ्यांची नावं पेन्सिलीने लिहिली आहेत. फ्रेम करताना तेवढी झाकू नका.