चोंदलेले नाक आणि खिशातील कांडी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त तंजावर येथे दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून आम्ही नाकाविषयी बोलणार, याचे काहींस हसू येईल. परंतु आश्विन-कार्तिकातील पाऊस सरून कावेरीकाठी मार्गळीचे धुके उतरू लागले, की आपल्या घराघरांतून शिंकांचा जो गजर सुरू होतो, तो ऐकणाऱ्यास हा विषय क्षुल्लक वाटणार नाही.

शेंबूड साठला म्हणून श्वास कोंडतो, ही समजूत अर्धीच खरी आहे. नाकाच्या आतील भिंतींवर शिंपल्यासारख्या हाडांच्या घड्या असतात व त्यांवरील नाजूक अस्तरात रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. सर्दीत हे जाळे रक्ताने फुगते आणि वाटच अरुंद होते. म्हणूनच कितीही शिंकरले तरी नाक मोकळे होत नाही.

यावर आपण दोन वस्तू वापरतो, आणि दोहोंसही ‘नाकाचे औषध’ असे एकच नाव देतो. घोटाळा होतो तो येथेच.

पहिली वस्तू म्हणजे खिशातील हुंगण्याची कांडी. आपल्याकडील कांडीत मुख्यतः मेंथॉल व कापूर असतो. थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांना मेंथॉल चेतविते, आणि नाकातून वारा खेळू लागल्याचा भास होतो. प्रत्यक्ष वाऱ्याचे माप घेतल्यास वाट होती तेवढीच अरुंद आढळते! थंडीची ही खूण ओळखणारा ग्राहक शोधण्यास मेंथॉलच उपयोगी पडले; उष्णता व स्पर्श यांच्या ग्राहकांच्या शोधाबद्दल डेव्हिड ज्युलियस व आर्डेम पाटापुटियन यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ही फसवणूक सुखाची आहे, आणि तिने घटकाभर झोप लागत असेल तर आमची हरकत नाही. मात्र एकाची कांडी दुसऱ्याने हुंगू नये, आणि दोन वर्षांखालील बालकाच्या नाकाशी ती नेऊ नये. कापूर पोटात गेल्यास मुलास झटके येऊ शकतात. परदेशातील आप्तांनी आणलेल्या कांडीवरील मजकूर अवश्य वाचावा. अमेरिकेत काही कांड्यांत रक्तवाहिन्या आकसविणारे औषध घातले जात आले आहे.

दुसरी वस्तू नाकात सोडण्याचे थेंब किंवा फवारा. यातील झायलोमेटाझोलीन वा ऑक्सिमेटाझोलीन रक्तवाहिन्या खरोखरच आकसविते. काही मिनिटांत नाक उघडते व कित्येक तास उघडे राहते. पण सलग वापर चालू ठेवला, तर औषधाचा अंमल उतरताच अस्तर पूर्वीहून अधिक फुगते. मग पुन्हा थेंब, पुन्हा फुगवटा. वैद्यकीचा व्यवसाय करणारे आम्ही स्वतःच या फेऱ्यात सापडलो होतो, हे सांगताना संकोच वाटतो. एका पावसाळ्यात धरलेली बाटली दुसरा पावसाळा आला तरी उशाखालून हलेना. प्रवासात ती घरी राहिली की रात्रभर तोंडाने श्वास घेत बसावे लागे. अखेर आमच्या एका सहव्यवसायी मित्राने आधी एक नाकपुडी सोडविली, नंतर दुसरी. पहिले काही दिवस फारच कठीण गेले.

म्हणून थेंब तीन दिवस, फार तर पाच; पुढे नाही. रक्तदाब, हृदयविकार वा काचबिंदू असलेल्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी डॉक्टरांस विचारल्यावाचून ते घेऊ नयेत. लहान मुलांस मिठाच्या पाण्याचे तयार थेंब पुरतात. वाफारा देण्याच्या भरात उकळते पातेले मुलाजवळ ठेवणे मात्र सर्दीहून घातक.

आपल्या सरफोजी राजांच्या काळातील नेत्ररोग्यांच्या नोंदी, डोळ्यांच्या चित्रांसह, सरस्वती महालात आजही जपलेल्या आहेत. रोगी कोण, विकार कोणता, उपचार काय, हे तेथे लिहून ठेवलेले आहे. आपणही एवढेच करावे: थेंबांची बाटली उघडली त्या दिवसाची तारीख तिच्यावर लिहावी.

आणि एक राहिले. मुलाची एकच नाकपुडी चोंदली असेल व तीतून दुर्गंधी येत असेल, तर कांडीही नको, थेंबही नकोत. आत बहुधा चिंचोका किंवा हरभरा अडकलेला असतो. घरी चिमटा न घालता त्यास तडक कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्यावे.