मेणवलीचा वाडा

कृष्णा आणि कोयना या दोघी भगिनी महाबळेश्वरीं उगम पावतात आणि कऱ्हाडास प्रीतिसंगमावर पुन्हा भेटतात. मधल्या वाटेंत दोघींच्या कांठचीं घरें मात्र निराळ्या दैवाचीं निघालीं. कोयनेच्या खोऱ्यांतील कित्येक गांवें १९६० नंतरच्या दशकांत धरणाच्या जलाशयाखालीं गेलीं. पुढें ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या भूकंपानें कोयनानगर परिसरांतील दगडमातीचीं घरें ढासळलीं. घर गेलें म्हणजे काय जातें, हें तेथील माणसास सांगावयास नको. कृष्णेच्या कांठीं, वाईजवळ मेणवलीस, नाना फडणिसांचा वाडा मात्र अद्याप उभा आहे. श्रोतेहो, आज त्या वाड्याचें दर्शन घ्यावयाचें आहे.

मेणवली हें गांव १७६८ सालीं नानांस इनाम मिळालें. तेथें त्यांनीं वाडा बांधला, नदीस दगडी घाट बांधला, आणि घाटावर शिव व विष्णु यांचीं देवळें उभारलीं. घाटाजवळच एक मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर १७०७ हा सन असून बाळ येशूसह मेरीची आकृति आहे. चिमाजीअप्पांनीं १७३९ सालीं पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हांची ही विजयाची खूण.

वाड्यांत सहा चौक आहेत. बाहेरून पाहणारास उंच भिंतीपलीकडचें फारसें कांहीं दिसत नाहीं. वाडा आपलें तोंड आंत वळवून बसला आहे. इंग्लंडांतील उमरावांच्या ग्रामीण प्रासादांची रीत याच्या उलट. तेथें खिडक्यांच्या रांगा बाहेरच्या हिरवळीकडे पाहतात, आणि येणाऱ्यास दुरूनच धन्याचें वैभव कळावें अशी योजना असते. मराठी वाड्याची खिडकी म्हणजे चौक. ऊन, वारा, पाऊस आणि चांदणें हीं वरूनच घरांत उतरतात. बाहेरच्या चौकाशीं कामकाज, मधल्याशीं बैठक, आंतल्याशीं बायकामुलें, देवघर आणि मुदपाकखाना, ही थोर घराण्यांच्या वाड्यांची सर्वसाधारण मांडणी. एकेक उंबरठा ओलांडतांना परका मनुष्य मागें राहत जातो.

आंतील बांधणीचा भार सागवानी खांबांवर आणि तुळयांवर असतो. खांब दगडी तळखड्यांवर उभे करतात, म्हणजे जमिनीची ओल लाकडांत चढत नाहीं. मेणवलीच्या भिंतींवर पेशवाईच्या उत्तरकाळांतील देवादिकांचीं चित्रें आहेत. नानांच्या काळचा रंग आज जेथें डोळ्यांस दिसतो, अशीं ठिकाणें महाराष्ट्रांत फार थोडीं.

तथापि या वाड्याचें सर्वांत मोलाचें धन म्हणजे कागद. नानांचें हें मेणवली दप्तर इतिहाससंशोधक रावबहादुर पारसनीस यांच्या संग्रहांत आलें, आणि तो संग्रह १९३९ सालीं साताऱ्याहून पुण्यास डेक्कन कॉलेजांत गेला. तेथें तें अभ्यासकांच्या हातीं लागलें, हें उत्तमच झालें. परंतु कागद हलवितां येतात, घर हलवितां येत नाहीं. पावसाळ्यापूर्वीं कौलें परतलीं नाहींत तर एकच गळती प्रथम तुळईचें टोंक कुजविते, मग खांबाचा माथा, आणि शेवटीं चित्राचा गिलावा सोडविते. अशा घराचें आयुष्य मोठ्या देणगीपेक्षां दरवर्षींच्या हातावर अवलंबून असतें.

गेल्या शतकांत इंग्लंडांतहि असे शेंकडों प्रासाद पाडले गेले. म्हणून तेथें १९३७ सालीं कायद्यानें अशी सोय झाली कीं, मालकानें घर नॅशनल ट्रस्ट या संस्थेस द्यावें, कुटुंबानें तेथेंच राहावें, आणि लोकांनीं तें पाहावें. १९४० सालीं लॉर्ड लोथियन यांच्या मृत्युपत्रानें ब्लिकलिंग हॉल या वाटेनें संस्थेकडे आला. चूल पेटती ठेवून घर राखावें, हें त्या योजनेंतील शहाणपण.

मेणवलीचा वाडा फडणिसांच्या वंशजांकडे आहे. ‘स्वदेस’ या २००४ सालच्या चित्रपटामुळें हें स्थळ घरोघरीं पोंचलें आणि प्रवाशांची वर्दळ वाढली. येणाऱ्यानें घाटावर छायाचित्र अवश्य घ्यावें. पण एकवार मान वर करून छपराकडेहि पाहावें, आणि तें कोणाच्या खर्चानें टिकतें याचा विचार करावा. कोयनेकांठच्या माणसांना आपलीं घरें राखण्याची निवड मिळाली नाहीं. कृष्णेकांठीं ती अद्याप आपल्या हातीं आहे.