हजरत याकूब यांचे अश्रू

मूल रुसून बसलं की आपण म्हणतो, "रागावलं." हळूहळू मूलही तेच म्हणू लागतं, आणि हेवा, अपमान, विरह, पस्तावा या सगळ्यांसाठी त्याच्याजवळ राग हे एकच नाव उरतं. मुस्लिम घरांत यावरचा मोठा ठेवा हाताशी आहे. आपण तो अर्धाच उघडतो. कुराणातली बारावी सूरह, सूरह यूसुफ, 111 आयतींची आहे आणि तिचा बहुतेक भाग ही यूसुफ यांची एकच सलग कथा आहे. ती सांगताना यूसुफ यांचं स्वप्न येतं, भावांनी त्यांना टाकलेली विहीर येते, मिसर येतं. पण अब्बांचा, म्हणजे हजरत याकूब यांचा, जीव आपल्यापेक्षा यूसुफवर अधिक आहे, ही भावांची सल मात्र आपण घाईनं ओलांडतो. धाकट्या बहिणीवर धुसफुसणाऱ्या मुलाला तिथंच विचारावं, त्या भावांना काय वाटत असेल? राग, हेवा, की आपण नकोसे झाल्याची भीती? पुढं तेच भाऊ चूक कबूल करतात आणि यूसुफ त्यांना बोल लावत नाहीत. पस्तावा आणि क्षमा मुलाला इथं एकत्र भेटतात.

यावर कुणी म्हणेल, पैगंबरांच्या कथा ईमानासाठी असतात. मुलांना सब्र शिकवा, रडणं नको. पण ज्यांच्या सब्रचा दाखला आपण देतो, त्या याकूब यांचे डोळे शोकानं पांढरे झाले, हे कुराणच सांगतं. ते आपलं दुःख दडवत नाहीत, अल्लाहपुढं मांडतात. लहानग्या अबू उमैरचा पाळलेला पक्षी मेला, तेव्हा पैगंबर मुहम्मद यांनी आपणहून त्याची चौकशी केली, ही हदीस सहीह बुखारीत आहे. मुलगा आहेस, रडू नकोस, असं दटावण्याला इथं आधार सापडत नाही.

दुसरा आक्षेप मला मान्य आहे. कुराणात किंवा हदीसमध्ये नाही ते पैगंबरांच्या तोंडी घालू नये. कल्पनेला मोकळं सोडायचं तर प्रेमचंदांची 'ईदगाह' घ्यावी. मित्र खेळणी घेत असताना हामिद दादीसाठी चिमटा घेतो. त्याला मोह झाला असेल का? आधी चिडलेल्या दादीला मग रडू का आलं? उत्तर घरच्या दखनीत येवो, शाळेतल्या मराठीत किंवा उर्दूत. ते पुरं होईपर्यंत मोठ्यांनी मध्ये बोलू नये.