घारींचे आभाळ

दिल्लीला बदली होऊन आलेल्या मराठी माणसाला येथल्या संध्याकाळी फार जड जातात. कचेरी सुटते, फाइली बंद होतात, आणि सरकारी वसाहतीतील दोन खोल्यांत आपली वाट पाहणारे कोणी नसते. मुलांच्या शाळेपायी माझे कुटुंब पुण्यास राहिले, तेव्हा मीही असाच एकटा गच्चीवर बसू लागलो. माथ्यावर घारी घिरट्या घालीत असत. मी त्यांना पाहत होतो असे म्हणवत नाही. त्या मला दिसत होत्या, इतकेच.

एका १५ ऑगस्टला सकाळी ध्वजवंदनासाठी निघालो असता फाटकाजवळच्या कडुनिंबावर मांज्यात अडकलेली एक घार लोंबताना दिसली. तिचा एक पंख अजून फडफडत होता. उशीर होईल म्हणून मी पुढे गेलो. परतलो, तेव्हा फांदीला नुसता दोरा होता.

ही आठवण मी सोयीस्करपणे मिटवून टाकली होती. शौनक सेन यांच्या 'ऑल दॅट ब्रीद्स' या २०२२ सालच्या चित्रपटाने ती पुन्हा जागी केली. दिल्लीतील वजिराबादच्या एका तळघरात नदीम शहजाद आणि मोहम्मद सऊद हे भाऊ जखमी घारींवर उपचार करतात, त्याची ही हकिकत. पोरवयात त्यांना एक जखमी घार सापडली. मांसाहारी पक्षी म्हणून दवाखान्याने ती नाकारली. दोघांनाही व्यायामाचा नाद. शरीर कमावताना स्नायूंची जी जाण आली होती, तिच्या बळावर त्यांनी पंख सांधण्यास आरंभ केला.

एवढ्या कथेवर एखाद्याने टाळ्या घेणारा बोधपट रचला असता. सेन यांना घाई नाही. आरंभीच कॅमेरा रात्रीच्या अंधारात, जमिनीलगत, उंदरांच्या झुंडीतून सावकाश सरकत जातो. पुढे एका डबक्यात किडे वळवळतात आणि त्याच पाण्यात वरून जाणाऱ्या विमानाचे प्रतिबिंब उमटते. २०१९-२० च्या हिवाळ्यातील निदर्शने आणि दंगल यांची धग तळघरापर्यंत पोचते. पण जखमी पक्षी येतच राहतात. सनडान्स आणि कान या दोन्ही महोत्सवांत २०२२ मध्ये या चित्रपटाचा गौरव झाला.

श्रोतेहो, एकान्त म्हणजे माणसांचा अभाव, अशी माझी समजूत होती. ज्या शहरात आभाळापासून गटारापर्यंत इतके श्वास चालू आहेत, तेथे आपण एकटे आहो असे म्हणणे म्हणजे आपले लक्ष नाही, याचीच कबुली होय. परंतु नुसते पाहूनही भागत नाही. ते दोघे भाऊ पाहत बसले नाहीत; त्यांनी खाली वाकून घार उचलली. माझ्या हातून नेमके तेवढेच राहिले होते.

आता १५ ऑगस्टला मी अर्धा तास आधी निघतो. पिशवीत एक जुना पंचा, कात्री आणि भोके पाडलेले एक खोके असते. अद्याप त्याची गरज पडलेली नाही. पण वाटेतले प्रत्येक झाड मी मान वर करून पाहतो.