पियानोची घोडी

बंगळूरजवळच्या देवनहळ्ळी येथे टिपू सुलतानाचा जन्म झाला, हे पुष्कळांना ठाऊक असते. त्याचा लाकडी वाघ लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे, हेही ऐकिवात असते. परंतु त्या वाघाच्या अंगात पट्ट्यांनी वाजविता येणारा एक छोटा ऑर्गन आहे, ही गोष्ट बहुधा सांगावी लागते. दुसऱ्या महायुद्धात बाँबवर्षावाने छप्पर कोसळून हा वाघ मोडला, आणि कारागिरांनी तुकडे सांधून तो पुन्हा उभा केला. मोडलेले वाद्य जोडावे कशाने, हा प्रश्न असा देवनहळ्ळीच्या या सुपुत्राच्या खेळण्यापर्यंत जाऊन पोहोचतो.

ऑर्गनात बोलतो तो वारा. पियानोत बोलतात त्या तारा. सुमारे सव्वादोनशे तारा, आणि त्यांचा एकूण ताण वीस टनांच्या आसपास! हा ताण मुख्यतः बिडाची चौकट पेलते. तारांचा कंप मात्र खालच्या लाकडी फळीला पोहोचवावयाचा, तो घोडीने. सतारीची वा तंबोऱ्याची घोडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना तिचे काम निराळे सांगावयास नको. फरक एवढाच की, पियानोच्या घोडीत प्रत्येक तारेसाठी पोलादाचे दोन बारीक खिळे तिरके ठोकलेले असतात, आणि तार त्यांना वळसे घेत नागमोडी जाते. म्हणून प्रत्येक खिळा कायम एका अंगाला रेटला जातो. पावसाळ्यात लाकूड फुगते, पठारावरील कोरड्या उन्हाळ्यात ते आकसते. वर्षानुवर्षे असे चालले की खिळ्यांच्या रांगेने तडा जातो.

खिळा ढिला झाला की एकटी तारसुद्धा डळमळीत, लाटा उठल्यासारखी वाजू लागते. सूर लावणाऱ्याने किल्ली कितीही फिरविली तरी तो दोष जात नाही. कारण तो ताणाचा दोष नव्हेच.

येथे एपॉक्सी कामास येते. १९४० नंतरच्या दशकात स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीने ते अराल्डाइट या नावाने बाजारात आणले, आणि आपल्याकडे फुटक्या कपबशीपासून तुटक्या खुर्चीपर्यंत सर्वत्र ते नाव परिचित झाले. सरस सुकतो तो पाणी गमावून. त्यामुळे तो आक्रसतो व पोकळी भरून काढू शकत नाही. एपॉक्सीत राळ आणि कठीणकारक यांचा रासायनिक संयोग होतो, उडून जावयाचे असे त्यात फारसे काही नसते. ते भेगेत भरले की भरलेलेच राहते. कारागीर तार सैल करतो, खिळे उपसतो, घोडीवरचे काळे ग्राफाइट व मळ खरवडतो. कारण मळकट लाकडाला एपॉक्सी नीट धरत नाही. मग पातळ एपॉक्सी भेगेत व भोकांत मुरवून खिळे पुन्हा बसवितो. प्रमाण चुकले तर मिश्रण चिकटच राहते. घट्ट झाल्यावर वर आलेला थर तासावा लागतो, नाहीतर तार लाकडावर न टेकता त्या थरावर टेकते. भेग घोडीच्या आरपार गेली असेल, तर मात्र हा उपाय म्हणजे मलमपट्टी होय. तेथे घोडीचा वरचा थर नवा बसविणे हेच योग्य.

मग सरस टाकून द्यावा काय? मिरजेला जावे. तेथे शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्ये घडविण्यास प्रारंभ केला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही लाभले. तंबोऱ्याची जवारी वाजून वाजून झिजते, ती पुन्हा काढावी लागते. कधी घोडीच बदलावी लागते, कधी तबली उघडावी लागते. सरसाचा सांधा ऊब व ओल देऊन सोडविता येतो. एपॉक्सीचा सांधा तापवून मऊ पडतो खरा, परंतु सरसासारखा पाण्याने विरघळत नाही. जबरदस्ती केली तर सांध्याऐवजी लाकूडच फाटते. पियानोचा खिळा निदान तापविलेल्या लोखंडाने सोडवून उपसता येतो. तंबोऱ्याची पातळ तबली असा दाह सोसत नाही.

पियानोची फळी खालच्या कडांशी चिकटवितानाही हाच विवेक लागतो. ती पन्नास वर्षांनी कोणाला तरी सोडवावी लागणार आहे. खिळ्याचे भोक पुन्हा रुंद व्हावे असे मात्र कोणालाच वाटत नाही.